मधला भाग राखून

४ मार्च

आत्या,

तुझं पत्र मिळालं. कारखान्यात काजाचं नवीन मशीन आलं आणि पहिल्याच दिवशी तू त्याला शिव्या घातल्यास, हे वाचून बरं वाटलं. म्हणजे तुझी तब्येत ठीक आहे.

इकडे विशेष काही नाही. मापशाळेत सध्या वजनकाट्यांची रांग लागली आहे. दुकानांचे, औषध कंपन्यांचे काटे येतात. मी त्यांच्यावर आमची प्रमाण वजनं ठेवते आणि काटा किती चुकतो ते लिहून देते. लोकांना वाटतं आम्ही काटा दुरुस्त करतो. आम्ही फक्त चूक किती ते सांगतो. दुरुस्ती ज्याची त्याने करायची.

एक काम होतं. मला एक झगा शिवून हवा आहे, घरात घालायला. पुढून पूर्ण उघडणारा, गळ्यापासून खालपर्यंत. बाह्या कोपरापर्यंत आणि रुंद. कमरेला नाडी नको, इलास्टिक नको, घट्ट काहीच नको. कापड मऊ आणि रोज धुतलं तरी टिकेल असं. एप्रिलच्या मध्यापर्यंत मिळाला तर बरं.

मापं सेंटिमीटरमध्ये: खांदा ३८.०, छाती ९४.२, कंबर ८६.४, खांद्यापासून पोटरीपर्यंत ११२. प्रत्येक माप तीनदा घेतलं आहे. चूक असलीच तर तीन मिलिमीटर, इकडे किंवा तिकडे.

फोन करू नकोस. तुला ऐकू येत नाही आणि तू नुसती हो-हो म्हणत राहतेस. लिही.

मी


११ मार्च

अगं मोजपट्टी,

लहानपणी तू मांजराची शेपटीसुद्धा मोजून ठेवायचीस, म्हणून हे नाव पडलं. आता तुझ्याच मापांनी तुझं भांडं फोडलं, तर रागावू नकोस.

प्रत्येक गिऱ्हाइकाचा कागदी नमुना माझ्या टेबलामागे खिळ्याला टांगलेला असतो, हे तुला ठाऊक आहे. तुझाही आहे, दोन वर्षांपूर्वीचा. तुझ्या पत्रातली मापं मी त्यावर लावून बघितली. खांदा तोच. उंची तीच. कंबर मात्र चार इंच पुढे! आणि वर पुढून उघडणारा, सैल, नाडी नको, इलास्टिक नको.

अगं, इतकी वर्षं बायकांच्या कमरेला पट्टी लावतेय मी. बायका नवऱ्याला सांगायच्या आधी शिंपिणीला सांगतात, आणि तेही तोंडाने नाही.

मी काही विचारणार नाही. कोण, कधी, लग्न केलंस का, करणार आहेस का, ते तुझं तू बघ. तुझ्या शेजारच्या टेबलावरचा तो तराजूवाला असेल तर आनंद आहे. नसेल तरी आनंदच आहे. फोटोत तो जरा हडकुळा वाटला. लोक काय म्हणतील याची काळजी तू करू नकोस, ती करायला लोक आहेत.

झग्याला दोन्ही कुशींत तीन-तीन बोटं माया ठेवते. माया म्हणजे शिवणीच्या आत दाबलेलं जास्तीचं कापड, विसरली असशील. शेवटच्या महिन्यापर्यंत सोडत जाता येईल. आणि हो, दोन लहान अंगडी पण बेतली आहेत. पिवळी. पिवळं मुलाला चालतं, मुलीलाही चालतं.

बाकी इकडे एक वाईट झालं. आमचे बटणवाले गाव सोडून चाललेत. बंदराच्या गावी दुकान घेतलंय त्यांनी, मागे दोन खोल्यांसकट. शिंपल्याची अस्सल बटणं आता मी कुठून आणू? मला म्हणतात कसे, तुम्ही पण चला. मी म्हटलं, मी काय बटण आहे का, डब्यात घालून न्यायला?

पोटभर खा. लाजू नकोस.

आत्या


१६ मार्च

आत्या,

मापं बरोबर आहेत. निष्कर्ष चुकला आहे. मी गरोदर नाही. अंगडी थांबव.

कंबर ७६ लिहिता आली असती. पेन हातात घेऊन मी तो आकडा दोनदा मनात म्हणून पाहिला. लिहिता आला नाही. तेव्हा आता खरं कारणही लिहायला हवं.

मला बाबांचं झालं आहे.

गेल्या वर्षापासून सकाळी घाम यायचा, बेरीज अर्ध्यावर राहायची. खाल्लं की बरं वाटायचं, म्हणून मी खात राहिले. ते चार इंच तिथून आले. एके दिवशी एका औषध कंपनीच्या काट्याची नोंद मी अशी लिहिली, की ती मलाही वाचता येईना. आकडे कागदावरून खाली घसरले होते. तराजूवाल्याने चहात चार चमचे साखर घालून कप माझ्या तोंडाला लावला. तो फक्त शेजारच्या टेबलावर बसतो. त्याला दुसरं काही ठरवू नकोस.

मग मी साखर मोजायचं मीटर घेतलं. आधी मीटर तपासलं, मग स्वतःला. मीटर खरं निघालं.

स्कॅनमध्ये स्वादुपिंडात पाच गाठी दिसल्या. दोन डोक्याकडे, तीन शेपटाकडे. मधला भाग स्वच्छ दिसतो. या गाठी कुणी न सांगता इन्सुलिन तयार करत राहतात, म्हणून साखर पडते. कॅन्सर म्हणावं असं आज तरी काही दिसत नाही, पण वाढू दिल्या तर तसं सांगता येत नाही. आजार रक्तातून आलेला आहे. तुझी तपासणी बाबांच्या वेळीच झाली आणि स्वच्छ आली. माझी करून घे म्हणून तू मागे लागली होतीस. मी टाळली.

शस्त्रक्रिया एप्रिलच्या शेवटी आहे. झगा त्यासाठी.

मी


२१ मार्च

बाळ,

पत्र टेबलाशी उभ्या उभ्या वाचलं. कात्री हातात होती, ती बाजूला ठेवली. नाहीतर मालकांच्या अख्ख्या ताग्याचे तुकडे झाले असते.

किती मूर्ख मी! दादाही असाच सुटला होता. त्या वर्षी त्याच्या तीन पँटी मी कमरेत सोडून दिल्या. वर थट्टाही केली, की बायको गेल्यावर पुरुष वाळतात, आमचा मात्र फुगतोय. लोक म्हणायचे, तो सकाळी सकाळी पिऊन बरळतो. तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. मला सगळं आठवतं, आणि तरी तुझ्या कमरेत मला बाळ दिसलं.

आता माझं ऐक. सगळं काढून टाक. दादाचं आधी नुसतं शेपूट काढलं आणि म्हणाले, झालं. दोन वर्षांत डोक्याकडे गाठी निघाल्या. पुन्हा पोट उघडलं आणि मग सगळंच काढलं. पहिल्यांदाच काढलं असतं तर निम्मे हाल वाचले असते. उसवायचं तर पूर्ण उसवावं. अर्धी कुजकी शिवण ठेवून वर ठिगळ लावलं की कापड तिथेच फाटतं.

पुढची काळजी करू नकोस. साखर मोजायची, सुई द्यायची, पडली तर काय, चढली तर काय, हे सगळं माझ्या हाताला पाठ आहे. मालकांना सांगितलं, महिनाअखेर काम सोडते. बटणवाल्यांनाही सांगून टाकलं. दादाचा पलंग खिडकीपाशी ओढून घेतलाय, गादी उन्हात घातली आहे. तू इकडे ये. तुझी मापशाळा काय, माणसं इथेही चुकीचीच मोजतात, काम मिळेल.

मी तुला न्यायला येते. तारीख कळव.

आत्या


२८ मार्च

आत्या,

येऊ नकोस.

आधी वैद्यकीय भाग लिहिते, म्हणजे तो एकदाच लिहावा लागेल.

सर्जन बाई आहेत. कमी बोलतात. त्यांनी कागदावर स्वादुपिंड काढून दाखवलं: आडवं, डोकं आतड्याच्या वळणात अडकलेलं, शेपूट दुसऱ्या टोकाला प्लीहेपर्यंत गेलेलं. मला वाटलं होतं गाठी खुडून काढता येतील. नाही येत, त्या नळीला चिकटून आहेत. म्हणून रस्ते दोनच.

पहिला, तू म्हणतेस तो. सगळं काढायचं. मग इन्सुलिन नाहीच, शिवाय साखर पडायला लागली की तिला वर ढकलणारं जे असतं, तेही नाही. बाबांचं तसंच होतं. चढली तर उतरत नसे आणि पडताना कसली सूचना देत नसे.

दुसरा रस्ता असा, की डोकं काढायचं, शेपूट काढायचं आणि मधला भाग राखायचा. साधारण पाच सेंटिमीटर. त्याचं एक तोंड आतड्याला जोडायचं, दुसरं शिवून टाकायचं. तेवढा तुकडा साखर सांभाळायला पुरतो का, मी विचारलं. "बऱ्याच जणांना पुरतो." बऱ्याच म्हणजे किती? त्या म्हणाल्या, "ही शस्त्रक्रिया इतकी क्वचित होते, की टक्केवारी सांगितली तर मी तुम्हाला फसवते आहे असं समजा." मला त्या आवडल्या.

याचे तोटे असे. कापलेल्या टोकांमधून पाझर होऊ शकतो. तुकड्याला रक्त देणारी फांदी जपावी लागते. ती गेली तर तुकडाही गेला. आणि स्कॅनला न दिसणारा एखादा दाणा त्यात असू शकतो. म्हणजे संशयिताला आयुष्यभर घरात ठेवून घ्यायचं आणि दर सहा महिन्यांनी त्याची झडती घ्यायची.

निर्णय टेबलावरच होणार. पोट उघडल्यावर सोनोग्राफीची दांडी थेट तुकड्यावर टेकवून बघतात, कापलेल्या कडा लगेच सूक्ष्मदर्शकाखाली जातात. संशय आला तर सगळं काढायचं. म्हणजे मी झोपेन तेव्हा मला ठाऊक नसेल, की कोणती मी उठणार आहे.

सही मला आधी करायची आहे. सर्जनना मोकळा हात द्यायचा, की "जिवावर बेतल्याशिवाय मधला भाग काढू नये" असं लिहून द्यायचं? मी दुसरं लिहिणार आहे. सर्जन म्हणाल्या, "डागाळलेला तुकडा ठेवायला मला भाग पाडू नका." मी म्हटलं, विचार करते. विचार झाला आहे.

मी इथेच राहणार. बाबांच्या पलंगावर झोपणार नाही. तू नोकरी सोडू नकोस. आणि बटणवाल्यांना काय सांगून टाकलंस, ते तू लिहिलेलं नाहीस.

मी


२ एप्रिल

कळलं.

मालकांनी माझी जागा अजून कुणाला दिली नव्हती, म्हणून पुन्हा टेबलाशी उभी आहे. हसले. "पळून गेलेली मांजर जेवायच्या वेळेला हजर," म्हणाले.

पलंग होता तिथे सरकवला. बटणवाल्यांना काय सांगितलं ते माझं मी बघीन, ते काही तुझ्या रक्तात नाही.

झगा बेतून झाला आहे, पाठवीन. एवढंच विचारते: जो तुकडा ठेवू नका असं कापणारीच सांगते, तो हट्टाने ठेवायचा, तो कुणाला दाखवायला? मी याला धीट म्हणत नाही. दादाही असाच म्हणायचा, मला काही झालेलं नाही.

आत्या


१९ एप्रिल

आत्या,

परवा दाखल झाले. शस्त्रक्रिया अठ्ठावीस तारखेला आहे, तिला अजून वेळ आहे, पण साखर आता खाऊनही टिकत नाही. म्हणून नळीतून सतत ग्लुकोज चालू ठेवलं आहे. त्याचा पंप भिंतीतल्या प्लगला जोडलेला असतो. वायर पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत पुरते. आत जायचं असेल तर बेल वाजवून प्लग काढून घ्यावा लागतो आणि मग पंप किंचाळायला लागतो, की मी निघाले आहे. त्यामुळे मी कुठे जाते ते सगळ्या मजल्याला कळतं.

खोलीत खिडकी आहे. तिची कडी काढून घेतलेली आहे, फक्त दोन भोकं उरली आहेत. बाहेर समोरच्या इमारतीची पाठ दिसते. पाइप मोजून झाले. दिवसा धुण्याच्या गाड्या खालून जातात, त्यांची चाकं ऐकू येतात. शेजारच्या पलंगावरच्या बाई घरी गेल्या. जाताना "सुटले बाई एकदाची" म्हणाल्या आणि मग माझ्याकडे बघून ओशाळल्या.

नर्स रोज सकाळी विचारते, "सही झाली?" मी म्हणते, "पेन चालत नाही." तिने मला तीन पेनं आणून दिली आहेत.

तू विचारलंस, कुणाला दाखवायला. सतरा दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण ते नीट लिहिता येत नव्हतं. आताही येईल असं नाही.

मी तिसरीत असेन. दुपार होती. बाबा झोपले होते. तू तपकिरी बूट घातले होतेस, ते तू फक्त बाहेरगावी जाताना घालायचीस. तुझ्या हातात बॅग होती. मला काही न सांगता तू फाटकाबाहेर गेलीस आणि वळणावर दिसेनाशी झालीस. मी खिडकीत उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. तेव्हा माझ्याकडे घड्याळ नव्हतं. मग तू परत आलीस. बूट काढलेस, पलंगाखाली ढकललेस आणि विचारलंस, "त्याची साखर किती आली?" जशी काही कोपऱ्यावरच्या दुकानातून आली होतीस.

ते बूट मी पुन्हा कधी तुझ्या पायांत पाहिले नाहीत.

सगळं काढलं तर मी मरणार नाही. सुया, मीटर, हिशेब, सगळं जमेल. पण तू येशील. मी कितीही नको म्हटलं तरी येशील, गादी उन्हात घालशील आणि दुसऱ्या माणसाची साखर मोजत तुझी उरलेली वर्षं जातील. तू म्हणायचीस ना, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माझ्या बाबतीत सोडलं, तर ते जाऊन तुला चावतं. म्हणून तो तुकडा ठेवायचा आहे, डागाळलेला असला तरी.

दाखवायला कुणाला नाही.

मी


२३ एप्रिल

मोजपट्टी,

तुला वाटतं तू एकटीच बघत होतीस? फाटकाबाहेरून मागे वळून बघितलं तेव्हा काचेला चपटं झालेलं तुझं नाक मला दिसत होतं.

आता ऐक, म्हणजे वाच. मला नाटकांचे पोशाख शिवणाऱ्या एका कारखान्यात काम मिळालं होतं. राजाराण्यांचे झगे, मखमल, जर. दादाला सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून चिठ्ठी ठेवणार होते, तीही ठेवली नाही. बसथांब्यावर गेले, बस आली, आणि लक्षात आलं की मोठी कात्री घरीच राहिली. दुसऱ्याच्या कात्रीने मी कापत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून परत आले. फक्त कात्रीसाठी. वर बघितलं तर तू तिथेच. हललीसुद्धा नव्हतीस.

मग बूट काढले.

गोड करून सांगायचं असतं, तर दादासाठी थांबले असं सांगितलं असतं. नाही. तुझ्यासाठी थांबले. आणि अडकले. दोन्ही खरं आहे. पस्तावले का? कधी कधी. तू नववीत होतीस तेव्हा रोज. पण तुझा पहिला पगार आला आणि तू मला शिलाईचा दिवा घेतलास, आधी त्याचा उजेड तपासून, तेव्हा नाही पस्तावले.

एवढं झालं माझं. आता नीट बघ, पुन्हा लिहिणार नाही.

मी येणार नाही. तुझा मधला भाग राहो की जावो. सगळं काढावं लागलं, साखर वर गेली, खाली गेली, तरी मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. बटणवाल्यांना मी तेव्हा ‘नाही’ म्हणून सांगितलं होतं. काल ‘हो’ म्हणून सांगितलं. बिचारे इतके गडबडले, की हातातला डबा सांडला आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं गुडघ्यांवर बसून बटणं वेचत होतो. मालक म्हणाले, शकुन चांगला आहे, फक्त उठता येतंय का बघा. मेच्या मध्यावर बंदराच्या गावी जातेय. नवे बूट घेतले. तपकिरीच.

तेव्हा माझ्या नावावर तो तुकडा ठेवू नकोस. माझं ओझं त्या पाच सेंटिमीटरवर घालशील तर तो बिचारा काय काय सांभाळेल? डॉक्टरणीला मोकळा हात दे. कापणाऱ्याचा हात कुणी धरला की कापड वाकडंच जातं. आणि तुझी साखर मोजायला आत्या कशाला हवी? तुझ्याइतकं बारीक मोजणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

झगा सोबत आहे. अंगड्यांचं पिवळं कापड टाकवेना, म्हणून त्याचे आतून दोन खिसे लावले. दादाच्या पोटातून नळ्या आणि बाटल्या लोंबायच्या, त्या कुठे ठेवाव्या ते कळायचं नाही. तो त्या हातात धरून हिंडायचा. तू खिशात ठेव.

शस्त्रक्रियेलाही येत नाही. तू नको म्हणालीस. मला ऐकू कमी येतं, वाचता चांगलं येतं.

आत्या


२७ एप्रिल

आत्या,

सही केली. मोकळा हात. नर्सने तिची तिन्ही पेनं परत नेली.

उद्या सकाळी पहिलाच नंबर आहे. झगा बसतो. कमरेत भरपूर जागा आहे.

तू येणार नाहीस हे वाचून बरं वाटलं. बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. दोन्ही नोंदी ठेवते, कुठली खोडत नाही.

मी


६ जून

आत्या,

हे पत्र बंदराच्या गावच्या पत्त्यावर पाठवते आहे. दुकानाच्या नावात बटण हा शब्द दोनदा का आहे, ते बटणवाल्यांना विचार.

उशीर झाला, कारण डाव्या टोकातून पाझर झाला. ते होऊ शकतं असं त्यांनी आधी सांगितलंच होतं. ताप आला, नळी काढायची लांबली. इतके आठवडे ती बाटली पिवळ्या खिशात घेऊन मी व्हरांड्यात फिरले. शेजारणी विचारायच्या, हे खिसे कुणी सुचवले? मी म्हणायचे, अंगड्यांवरून सुचले. मग त्या पुढे विचारायच्या नाहीत.

मधला भाग राहिला आहे.

पाच सेंटिमीटर नाही. टेबलावर सोनोग्राफीत त्याच्या डोक्याकडच्या कडेला एक दाणा दिसला, स्कॅनमध्ये न दिसलेला. सर्जननी ती कड आणखी कापली. पुन्हा तपासली, पुन्हा थोडी कापली, मग स्वच्छ आली. ३.८ सेंटिमीटर उरला आहे. त्यांनी पट्टी लावून मोजून ठेवलं होतं. "तुम्ही विचारणार हे मला माहीत होतं," म्हणाल्या. मी विचारलं, "मधला भाग काढू नये असं लिहून दिलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "तर इतकं कापायला मी धजले नसते. दाणा काढायचा की लांबी जपायची, यात मी लांबी जपली असती."

सुटले असं म्हणता येणार नाही. जेवणानंतर साखर वर जाते आणि पायऱ्या चढल्यासारखी हळूहळू उतरते. अजून इन्सुलिन लागत नाही. कधीतरी लागेल किंवा लागणारही नाही. जेवणाबरोबर पचनाच्या गोळ्या कायमच्या. ऑक्टोबरमध्ये पहिलं स्कॅन, मग दर सहा महिन्यांनी. त्यांनी मला तारखा छापून दिल्या आहेत, पुढच्या पाच वर्षांच्या. मी त्या कपाटाच्या दाराला आतून लावल्या. बाहेरून लावल्या असत्या तर खोलीत तेवढंच दिसलं असतं.

सोमवारपासून मापशाळेत परत जाते आहे. तराजूवाल्याने माझं टेबल कुणाला वापरू दिलेलं नाही, असं कळलं. निष्कर्ष काढू नकोस.

आता एक गोष्ट. नळी काढली त्या दिवशी नर्सने सांगितली. सांगायची नाही असं तिला बजावलं होतं म्हणे, पण ती म्हणाली, लपवण्यासारखं राहिलंच काय, त्या दिवशी अख्ख्या मजल्याने ऐकलंय.

अठ्ठावीस तारखेला जिन्यापाशी बाकावर एक बाई दिवसभर बसली होती. कमी ऐकणारी. नर्स तिच्या कानाशी ओरडून विचारत होती, "तुम्ही कुणाच्या?" आणि ती म्हणत होती, "कुणाची नाही, बस चुकली आहे." संध्याकाळी सर्जन बाहेर आल्या. पहिल्यांदा त्या बोलल्या, मग कागद मागून लिहून दिलं. बाईने ते वाचलं, घडी घातली, बॅगेत टाकलं. नर्स म्हणाली, "थांबा की, शुद्धीवर येतील थोड्या वेळात, तोंड बघून जा."

"मी आलेच नाहीये," ती म्हणाली, आणि गेली.

नर्सला तिचा चेहरा आठवत नाही. बूट आठवतात. तपकिरी, कोरे, आणि चावत असावेत, कारण एक काढून ती टाच चोळत बसली होती.

या वेळी मी खिडकीत नव्हते. तुला जाता आलं, ते बरं झालं.

मला आता नेहमीचा कपडा शिवून हवा आहे, कामावर घालायला, कमरेत बसणारा. घाई नाही. आधी दुकानाचे पडदे शिव. मापं: खांदा ३८.०, छाती ८८.५, कंबर ७८. कमरेच्या मापात या वेळी चूक जास्त धर, एक सेंटिमीटर, कारण टाक्यांवर पट्टी ओढवत नाही. माया दोन्ही कुशींत ठेव. इथून पुढे मी कोणत्या बाजूला जाईन, ते मला सांगता येत नाही.

तुझी
मोजपट्टी